उसनी घंटा

आधी एक गोष्ट सांगून टाकते. घंटा म्हणजे गोंगाट नाही. हे वाक्य मी इतक्या पत्रकांवर छापलंय की आता माझं मलाच ते वाचवत नाही. पण आमच्या गावठाणाला चिकटून जो टॉवर उभा राहिला, त्यातल्या लोकांनी पोलिसांकडे दिलेल्या अर्जात 'गोंगाट' हाच शब्द होता. म्हणून सुरुवात तिथूनच करावी लागते.

आमचं गावठाण अंधेरी पूर्वेला. साकीनाक्याहून रिक्षा केली तर रिक्षावाला मेन रोडलाच उतरवतो, कारण आत आला तर त्याला उलटं बाहेर जावं लागतं. आम्ही ईस्ट इंडियन. म्हणजे काय, हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं, तर सांगते: इथलेच. मुंबईची मुंबई व्हायच्या आधीपासून इथे भात लावणारे, पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झालेले, घरात मराठी बोलणारे. कॉलेजात एकाने मला विचारलं होतं, "तू ख्रिश्चन ना? मग तुला एवढं मराठी कसं काय येतं?" मी म्हटलं, "तू ख्रिश्चन नाहीस ना? मग तुला एवढं कमी कसं येतं?" तेव्हापासून तो माझ्याशी इंग्रजीत बोलतो.

आमच्या चर्चच्या मनोऱ्यात दोन घंटा. एक थोरली, एक धाकटी. सिनेमात दाखवतात तशा त्या झुलत नाहीत. घंटा जागच्या जागी टांगलेली, तिच्या आतल्या लोखंडी लोळीला दोर बांधलेला, आणि तो दोर हातात. दोन घंटा, दोन दोर, एक माणूस. मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची, वेगळी वाजते, सणाची वेगळी, लग्नाची वेगळी. आणि मयताची वाजते ती तर अख्खा निरोप असतो. बाप्या गेला तर थोरली सुरुवात करते, बाई गेली तर धाकटी. लहान मूल असेल तर थोरली वाजतच नाही. मग दोघी आळीपाळीने, सावकाश. दोन ठोक्यांच्या मधे वाजवणाऱ्याने मनात एकदा 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणायची, घाई न करता. आणि अगदी शेवटी पत्ता.

पत्ता म्हणजे खरोखर पत्ता. आमच्या गावठाणाच्या तीन पाखाड्या, म्हणजे आळ्या: वरची, चर्चसमोरची आणि विहिरीची. विहीर कधीच बुजवली, तिच्यावर आता वीज कंपनीचा ट्रान्सफॉर्मर बसलाय, पण पाखाडी विहिरीचीच राहिली. वरच्या पाखाडीचं मयत असेल तर शेवटी थोरलीचा एक ठोका, चर्चसमोरचं असेल तर दोन, विहिरीचं असेल तर तीन. भाकरी थापणाऱ्या बाईला तव्यापासून न उठता कळतं, की कोण गेलं आणि मेणबत्ती घेऊन कुठल्या गल्लीत वळायचं.

सगळीकडे सारखंच वाजवतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा फिरून यावं. वसईला माझ्या आत्याच्या गावी मयताची घंटा इतकी सावकाश वाजते की दोन ठोक्यांच्या मधे तिच्या कुकरची शिट्टी होऊन जाते. आमच्या शेजारच्या गोवेकरणीला आमची सणाची घंटा ऐकून हसू येतं. तिच्या गावी म्हणे पोरं दोर धरून नाचवतात घंटेला. आणि खाडीपलीकडच्या एका कोळीवाड्याबद्दल मी ऐकलंय, की तिथे माणूस समुद्रात गेला तर बॉडी मिळेपर्यंत शेवटचा ठोका मारतच नाहीत. घंटा अर्धीच सोडतात. हे सगळं कुठल्या पुस्तकात नाही. हातातून हातात आलेलं आहे.

आमचे नियम दोन. ज्या पाखाडीचं मयत, त्या पाखाडीचा बाप्या दोर धरणार. आणि मयताच्या घरच्याने दोर धरायचा नाही. कारण घरच्याचा हात थरथरतो, आणि हात थरथरला की लोळी जास्तीची लागते, आणि पत्ता चुकतो.

आता माझ्या मावशीबद्दल. ती आईची थोरली बहीण. लग्न केलं नाही. आईबाबा नोकरीला जायचे, तेव्हा मला हिनेच वाढवलं, आणि ते दोघं वसईला राहायला गेल्यावर मी हिच्याच घरी राहिले, विहिरीच्या पाखाडीत. तिच्या हृदयाने हात टेकले होते. डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या, हवं ते खायला द्या. घरी आल्या आल्या तिने मागितलं ते खायचं नव्हतंच.

"मना वाजवायला माणूस पायजे," ती म्हणाली. "आपल्या पाखाडीत बाप्या कोण रेला हाय सांग."

मी बोटांवर मोजायला लागले. एक कॅनडाला गेला, एक नाहूरला, दोघं वसई-विरारला. जे उरले ते मावशीच्याच वयाचे; त्यांना मनोऱ्याच्या पायऱ्या चढवायच्या तर आधी त्यांच्याच घंटेची तयारी ठेवावी लागली असती. आणि नेमकं तेव्हाच चर्चच्या कमिटीने ठरवलं की माणूस नकोच, मशीन बसवायचं.

कमिटीचा सेक्रेटरी आमच्याच गावठाणातला, वरच्या पाखाडीचा. कॉम्प्युटरमधला माणूस. स्वतः गोरेगावला फ्लॅटमध्ये राहायचा, म्हातारा बाप मात्र इथल्या घरात, एका बाईच्या सोबतीने. हा रविवारी यायचा, बापाला मिस्सेला आणायचा, नंतर कमिटीत बसायचा. माणूस वाईट नव्हता. वाईट नसलेल्या माणसांशी भांडणं फार जड जातं.

मी पत्रक काढायचं ठरवलं. पत्रकं लिहायला मी माझ्या मैत्रिणीच्या वडिलांकडे शिकले. ही मैत्रीण पलीकडच्या बौद्ध वस्तीतली. त्यांच्या नळाच्या पाण्यासाठी आम्ही दोघींनी कॉलेजात असताना पहिलं पत्रक वाटलं होतं. वडिलांचा साकीनाक्याला स्क्रीन प्रिंटिंगचा गाळा आहे. त्यांचा धडा असा: पहिल्या ओळीत भांडण, शेवटच्या ओळीत वेळ आणि ठिकाण, मधे रडगाणं नको.

"वर मोठ्या अक्षरात 'घंटा' नको टाकू यार," मैत्रीण म्हणाली.

"का?"

"पोरं फोटो काढून स्टेटसला ठेवतील. 'आमची घंटा वाचवा.' वाट लागेल तुझ्या आंदोलनाची."

"मग काय लिहू? चर्चमधलं धातूचं वाद्य?"

तिचे वडील फ्रेमवरून शाई ओढत होते. वर न बघता म्हणाले, "हसू दे की. हसायला तरी वाचतील."

मी त्यात सगळं छापलं. थोरली, धाकटी, आळीपाळी, तिन्ही पाखाड्यांचे पत्ते. रविवारी मिस्सा सुटल्यावर गेटवर वाटलं. लोकांनी घेतलं, घडी घातली आणि त्याने वारा घेतला. सेक्रेटरी मात्र माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तू पत्रकं वाट. मी काम करतो."

"काय काम? घंटेला रिमोट लावायचं?"

"टायमर. सकाळी सातच्या आत काही वाजणार नाही, तसं आपण लिहून दिलंय. टॉवरवाले गप्प, पोलीस गप्प. आणि दोर ओढायला माणूस शोधत फिरायला नको. मागच्या महिन्यात संध्याकाळची घंटा वाजलीच नाही दोन-तीनदा. तेव्हा तुझं पत्रक कुठे होतं?"

हे खरं होतं. म्हणून मला जास्त राग आला.

"आणि मयताची?"

"तिचंही बटण आहे."

"कुठल्या पाखाडीचं?"

"अगं, मयत ते मयत! पत्ता मी ग्रुपवर टाकतोच ना. लोकेशनसकट."

"माझी मावशी ग्रुपवर नाही."

"मग घाल तिला."

"ती ग्रुपवर जायला बसली नाहीये, वर जायला बसलीये," मी म्हटलं. त्याच्या मागे उभा असलेला त्याचा म्हातारा बाप काठीवर हात ठेवून खी खी हसला. तो पोराला म्हणाला, "तुझ्यापेक्षा बरी बोलते ही." सेक्रेटरीने त्याचा दंड धरला आणि त्याला घेऊन गेला. म्हाताऱ्याला मी चालताना पाहिलं ते शेवटचंच.

मशीन बसलं. दोन्ही घंटांना बाहेरून विजेचे हातोडे, खाली सॅक्रिस्टीत, म्हणजे फादर झगा घालतात त्या खोलीत, बटणांची पेटी. दोर काढून टाकले नाहीत, पण गुंडाळून वरच्या तुळईला तारेने बांधून टाकले. पहिल्या संध्याकाळी मशीनने वाजवलेली घंटा आम्ही घरात ऐकली. एकही ठोका मागेपुढे नाही. मावशी पडल्या पडल्या म्हणाली, "शिपाई चाललाय जसा."

मग तिने एक काम काढलं. जेवणाचं मोठं ताट म्हणजे थोरली, पाण्याचा स्टीलचा पेला म्हणजे धाकटी, चमचा माझ्या हातात. ती मला मयताची घंटा शिकवायला लागली. पत्रकात छापणं वेगळं आणि हाताला येणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं. समोरच्या घरची बाई एकदा भाजी द्यायला आली आणि हे बघून दारातच थबकली. "जित्या माणसाजवळ मयताची वाजवतात काय गो?"

"मेल्यावर मी शिकवायला येणार हाय काय?" मावशी म्हणाली.

"पण तू घरची. तुला दोर धरता येणार नाय," समोरची मला म्हणाली. "आणि त्यात बाई."

नियम मावशीलाही माहीत होता. ती नुसतीच पेल्यावरून बोट फिरवत राहिली. मला वाटतं, त्या आठवड्यात तिला मरणाची भीती नव्हती. आपण गेलो आणि खाली कुणीतरी बटण दाबलं, याचीच धास्ती होती. "लाईट गेलेली असली तर?" असं तिने मला एकदा विचारलं. "तर काय, येईस्तोवर मी मेलेली नाय?"

आणि मग ती दुपार.

मी तिला पेज भरवत होते. धाकटी वाजली. मावशीने तोंड बंद केलं, हाताने माझा चमचा बाजूला केला.

"बाई गेली."

मग थोरली, मग धाकटी. मावशी ओठांत 'आमच्या बापा' म्हणत होती आणि दर वेळी प्रार्थना संपायच्या आत पुढचा ठोका पडत होता. "ह्याला देव नाय," ती पुटपुटली. आम्ही दोघी पत्त्याची वाट बघत होतो. थोरली वाजली. पुन्हा वाजली. पुन्हा.

तीन. आमची पाखाडी.

"कोण गो?" मावशीने विचारलं.

मी मनात घरं फिरून आले. कोपऱ्यावरची म्हातारी मुलुंडला लेकीकडे होती. समोरची तर तासाभरापूर्वीच दारात मासे साफ करत बसलेली. बाकीच्या धडधाकट. मी मावशीकडे बघितलं. तिचंही मोजून झालं होतं.

"मंग मीच," ती म्हणाली.

गल्लीत चपलांचा आवाज यायला लागला.

पहिली आली समोरचीच. दारातूनच गळा काढत आली, हातात मेणबत्ती, डोक्यावर पदर. आत पाऊल टाकलं आणि मावशी बसलेली दिसली. तिचा सूर तिथेच तुटला.

"अगो बाय! तू जिती?"

"पेज पितेय. तुला देऊ?"

समोरची मटकन जमिनीवर बसली. तिच्यामागून आणखी बायका, मग पुरुष. चर्चसमोरच्या पाखाडीतला मंडपवाला काका चार प्लास्टिकच्या खुर्च्या डोक्यावर घेऊन आला आणि "खुर्च्या कुठं ठेवू?" असं विचारता विचारता मावशीच्या नजरेला नजर भिडली, तसा त्या डोक्यावरच धरून उभा राहिला. एकाने तर थडगं खणणाऱ्याला फोनही केला होता. तो आता कोपऱ्यात तोंड करून हळू आवाजात सांगत होता, "थांब रे, थांब. चालू नको करू."

हसण्यासारखं होतं. थोडे हसलेही. मावशीने माझ्या कानात सांगितलं, "कोपऱ्यावरची सून आली नाय बघ." पण पेजेची वाटी तिने बाजूला सारली.

"मना अशीच वाजवणार काय गो?" ती म्हणाली. हे मात्र ती हळू बोलली नाही. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

मग तीच म्हणाली, "पण मेलं कोण?"

कोणालाच माहीत नव्हतं! आम्ही मोबाईल काढले. ग्रुपवर काही नाही. मी फादरना फोन लावला. ते आमच्याकडे नवीन, बदली होऊन आलेले.

"सेक्रेटरींचे वडील गेले," ते म्हणाले. "वरच्या पाखाडीतले. मला त्यांचाच फोन आला, मी लगेच बटण दाबलं. का? वाजली नाही का?"

वाजली होती. बाई म्हणून वाजली होती आणि विहिरीची पाखाडी म्हणून वाजली होती. कारण नंतर कळलं. मशीन बसवणाऱ्याने विचारलं, मयताची कशी वाजते? सेक्रेटरीच्या मोबाईलमध्ये आमच्या पाखाडीतल्या एका बाईच्या मयताचा व्हिडिओ होता, त्यात मागे घंटा ऐकू येत होती. त्याने तो व्हिडिओ दिला. मयत ते मयत. मशीनने ठोके तसेच्या तसे पाठ केले, फक्त मधला वेळ कापला. आता गावठाणात कोणीही मरो, बाप्या मरो की मूल मरो, मशीन त्याच बाईला पुन्हा पुन्हा मारणार होतं. आणि ग्रुपवर निरोप टाकणारा एकटा सेक्रेटरी, तो त्या वेळी बापाचा हात धरून बसला होता.

मला काय झालं सांगते. माझ्या डोक्यात पुढचं पत्रक लिहून तयार झालं. पहिली ओळ, शेवटची ओळ, सगळं. मी तोंड उघडणार एवढ्यात मावशी म्हणाली, "म्हातारा तिकडं एकटा पडलाय. आणि तुम्ही सगळी इथं माझी पेज बघताय. निघा."

"पण घंटा चुकली ना," खुर्च्यावाला काका म्हणाला. "बाकीच्यांना कळणार कसं? खालून अजून लोक येतायत इकडंच."

"मंग बरोबर वाजवा."

"कोण वाजवणार? वरच्या पाखाडीत बाप्या कोण हाय? तो पोरगा घरचा, त्याला चालायचं नाय. बाकीची घरं तर बिल्डरनं घेतली."

मावशीने उशी पाठीशी घेतली. "उसनी वाजवा," ती म्हणाली.

मी हे तोपर्यंत कधी ऐकलं नव्हतं. काकाने ऐकलं होतं, कारण तो मान हलवायला लागला. भात कापणीला सगळे पुरुष शेतावर असायचे तेव्हाची रीत. मयताच्या पाखाडीत बाप्या नसेल तर दुसऱ्या पाखाडीने वाजवून द्यायची. ती उसनी घंटा. देणाऱ्याच्या घरी मयत झालं की ज्याच्या घरी वाजली, त्याने येऊन वाजवायची. फेडल्याशिवाय राहायची नाही. मावशी सांगत होती आणि माझ्याकडे बघत होती, आणि मला हळूहळू उजेड पडत होता. मरायला टेकलेली बाई, पण डोकं बघा.

"ही जाईल," तिने माझ्याकडे बोट केलं. "त्या घरची नाय. हिला चालतंय."

"बाईनं दोर धरायचा नाय," काका म्हणाला. "कदी धरलेला नाय."

"कदी मशीननं पण मेलेलं सांगितलेलं नव्हतं. तवा कमिटीत हात वर केलास ना रे? की मी खोटं ऐकलं?"

काकाने खुर्च्या उचलल्या.

मी धावत गेले. फादर सॅक्रिस्टीच्या दारात उभे, चेहरा पडलेला. मी म्हटलं, "मशीनचा प्लग काढा आणि किल्ली द्या." त्यांनी दोन्ही केलं. मनोऱ्याच्या पायऱ्या अरुंद, कबुतरांची घाण. वर दोर तारेने बांधलेले. तार सोडवताना माझं नख उलटलं. दोर खाली घेतले, एक या हातात, एक त्या हातात. ताट आणि पेल्यावर शिकलेली मी. हा दोर खांद्यापर्यंत ओढ घेतो, हे मला ताटाने शिकवलं नव्हतं.

थोरली ओढली. आवाज कानात नाही, दातांत आला.

'आमच्या बापा' म्हणायला लागले आणि लक्षात आलं की मी ते भांडल्यासारखं म्हणतेय. पुढचे दोन ठोके घाईत पडले. मी स्वतःला शिव्या घातल्या, चर्चच्या मनोऱ्यात, आणि पुन्हा सुरुवातीच्या शब्दापासून म्हटलं. सावकाश. घंटेच्या झरोक्यातून खाली आमची गल्ली दिसत होती. माणसं आमच्या घराकडे चाललेली. समोर टॉवरच्या एका गॅलरीत कोणीतरी मोबाईल वर धरून माझा व्हिडिओ काढत होतं. काढू दे.

शेवटी पत्ता. वरची पाखाडी, एकच ठोका. एक ठोका मारणं सोपं वाटतं. पण लोळी परत येते. ती पुन्हा लागली तर दोन होतात आणि लोक चर्चसमोरच्या पाखाडीत जातात. ठोका पडल्या पडल्या दोर ताणून धरायचा असतो, लोळी अधांतरी. मी ओढला आणि दोन्ही हातांनी, गुडघा भिंतीला लावून, धरून ठेवला. घंटा गुणगुणत राहिली. दोर हातात फडफडत होता. मी सोडला नाही.

खाली गल्लीत माणसं थांबली. मग वळली. खुर्च्यावाला काका सगळ्यांच्या पुढे, डोक्यावर खुर्च्या, वरच्या पाखाडीच्या चढणीला लागला.

मी पोचले तेव्हा सेक्रेटरी ओट्यावर बसला होता. आत बायकांची प्रार्थना सुरू झाली होती. माझ्या तोंडात सगळं तयार होतं, ते लोकेशन, ते बटण, ते 'मयत ते मयत'. त्याने वर बघितलं. त्याचे डोळे लाल होते.

"पहिली वाजली आणि कोणी आलंच नाही," तो म्हणाला. "मी दारात येऊन बघत होतो. मला वाटलं, पप्पांना कोणी ओळखतच नाही आता."

मी बोलले नाही. म्हणजे त्या दिवशी बोलले नाही. नंतर कमिटीच्या मीटिंगमध्ये भरपूर बोलले आणि मयताचं बटण पेटीवरून काढायला लावलं. त्या दिवशी एवढंच सांगितलं, "दुसरी मी वाजवली. उसनी आहे."

"म्हणजे?"

आतल्या एका म्हातारीने त्याला समजावलं. त्याने ऐकून घेतलं, माझ्या उलटलेल्या नखाकडे बघितलं.

"मावशीची?"

"हो."

"मला वाजवता येत नाही."

"शिकवू."

त्यानंतर तो रविवारी मिस्सा सुटली की आमच्या घरी यायला लागला. मावशी पलंगावर, तो खाली स्टुलावर, मधे ताट आणि पेला. माणूस कॉम्प्युटरमधला, पण हात लाकडाचा. मावशी त्याला सोडायची नाही. "चुकलास. दोनच मारलेस. मना चर्चसमोर टाकलंस. तिथं माझं कोण हाय?" तो पुन्हा मारायचा. "आता चार झाले. चौथी पाखाडी काढतोस काय, बिल्डर?" तो हसायचा, घाम पुसायचा. 'आमच्या बापा' त्याला मराठीत धड येत नव्हतं, तो इंग्रजीत म्हणायचा आणि ते लवकर संपायचं. मावशी म्हणायची, "दोनदा म्हण." ती स्वतःची घंटा अशी दर रविवारी मोडून जोडून ऐकत असताना मी स्वयंपाकघरात उभी राहायचे. तिथे मला काही ना काही काम निघायचं.

ती गेली पहाटे. सूर्य उगवला नव्हता. मी तिचे डोळे मिटले आणि गोरेगावला फोन लावला. तो म्हणाला, "निघालो," आणि ठेवला.

समोरची आली, आणखी दोघी आल्या, तिला आंघोळ घालायला पाणी तापत ठेवलं. मी घरची. मला करायला काही नव्हतं. मी खिडकीत उभी राहिले. सातच्या आत काही वाजणार नाही असं लिहून दिलेलं, आणि खाली सही कोणाची, तर त्याचीच. समोर टॉवर काळा उभा. तो नियमाचा माणूस. मी हिशोब करत होते की तो खाली गाडीत बसून सात वाजायची वाट बघेल. मग मी काय करेन, हेही ठरवत होते. मला नियम मोडता येत होता, पण घरची होते. माझा हात खिडकीच्या गजावर थरथरत होता. नियम कोणी का केला असेल, ते तेव्हा कळलं.

धाकटी वाजली.

उजाडलं नव्हतं अजून. टॉवरमध्ये एक दिवा लागला, मग वर आणखी दोन. थोरली वाजली. मग बराच वेळ काही नाही, मग धाकटी. तो दोनदा म्हणत होता. आमच्या घरात पाणी तापवणाऱ्या बायका हात थांबवून उभ्या होत्या. आळीपाळीने, सावकाश, थोडं वाकडंतिकडं. एक ठोका जरा हलका पडला. मशीनचा कधी पडला नसता.

मग पत्ता. थोरली, एक. मी गज धरला. थोरली, दोन.

आणि काही नाही.

मी ऐकत होते. दोनवर थांबला तर चर्चसमोर. 'तिथं माझं कोण हाय?' टॉवरच्या एका गॅलरीत कोणीतरी येऊन उभं राहिलं होतं, खाली बघत. कोणीतरी मनोऱ्याखाली जाऊन त्याला अडवलं असेल का, की त्याचीच मोजणी चुकली, की दोर सुटला? समोरचीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या ओठांवर प्रार्थना सुरू झाली होती आणि मला तिचा पुढचा शब्द आठवत नव्हता.

थोरली वाजली. तीन.

मी चौथ्याची वाट बघितली. नुसती गुणगुण, लांबत जाणारी. त्याने दोर धरून ठेवला होता.

गल्लीत एक दार उघडलं, मग त्याच्या पलीकडचं. चपलांचा आवाज आमच्या बाजूला यायला लागला. मी जाऊन दाराची कडी काढली.